बाकावर बसवलेली बाई

आमच्या सोसायटीच्या फाटकावर मोठा फलक लागलाय आणि त्यावर मी बसलेय, ही बातमी मला भाजीवाल्याकडून कळली.

"आजी, फोटो एकदम झकास आलाय हां तुमचा," दारात भाजीची पिशवी देताना तो म्हणाला. मला वाटलं, हळदीकुंकवाचा एखादा फोटो कुणीतरी खाली सूचनाफलकावर डकवला असेल. भाजी ओट्यावर ठेवली, गुडघ्यांना सांभाळत दोन जिने उतरले आणि फाटकाशी जाऊन मान वर केली.

फलक एका खांबापासून दुसऱ्या खांबापर्यंत पसरलेला होता. निळंशार आकाश, मुलुंडला कधी दिसत नाही इतकं निळं. त्यात पांढरी, काचांनी लखलखणारी उंच इमारत. तिच्यापुढे हिरवळ, कारंजं, सायकली चालवणारी मुलं, चटईवर योगासनं करणारी एक बाई. आणि सगळ्यांच्या पुढे, लाकडी बाकावर, सोनेरी उन्हात हसत बसलेली मी. चेहरा माझा, चष्मा माझा, हनुवटीवरचा तीळसुद्धा माझा. साडी मात्र भडक नारिंगी. तसली साडी मी जन्मात नेसलेली नाही. बिल्डरच्या कंपनीचं नाव वर ज्या रंगात लिहिलं होतं, तोच तो रंग. दोन्ही हातांची बोटं चिमटीत धरलेली, आणि चिमटीत काहीच नाही.

हे कमी होतं म्हणून की काय, माझ्या शेजारी एक गृहस्थ बसवला होता. पांढरे केस, गुडघ्यापर्यंतची चड्डी, पायांत पळायचे बूट. त्याने आपला हात बाकाच्या पाठीवरून माझ्या खांद्यामागे टाकला होता. माझे यजमान जाऊन आता बरीच वर्षं झाली. एवढ्या संसारात चारचौघांत त्यांनी कधी असा हात टाकला नव्हता.

"काय गो शुभा, ह्यो कोण?" मागून आवाज आला. तळमजल्यावरची सुगंधा परब हातात दुधाची पिशवी घेऊन उभी होती. आम्ही दोघी एकाच वर्षी या सोसायटीत राहायला आलो. तेव्हापासून तिने मला कुठल्याही गोष्टीत सोडलेलं नाही.

"मला काय माहीत कोण!"

"बरो दिसता हां. आणि बोटांत काय धरलंस? तपकीर ओढतस?"

"सुगंधा, मी आत्ता चेष्टेच्या मनःस्थितीत नाही."

"मी पन नाय." तिचा चेहरा बदलला. "माका सांगलंस, सही करूची नाय, आधी सगळा बघूया. म्हणान मी थांबलंय. आणि तू आधीच जावन बसलंस थंय?"

तेव्हा माझ्या लक्षात आलं की साडी आणि चड्डीवाला हे फार किरकोळ आहेत.

आमची इमारत तीन मजल्यांची, पन्नास वर्षांपूर्वीची. ती पाडून नवी बांधायची हे ठरलेलं आहे आणि त्याला माझा विरोध नाही. स्लॅबचे पोपडे माझ्याही डाळीत पडतात. पण प्रत्येक सभासदाचं संमतीपत्र घेण्याचं काम सुरू झालं, तेव्हा मी एकच म्हटलं. आपण राहणार ती इमारत कुठे, बिल्डर विकणार तो टॉवर कुठे, आणि दोन्हींच्या मध्ये काय उरतं, ते जागेवर नीट दाखवा, मग सही करते. माझं ऐकून आणखी पाचसहा घरं थांबली. आता ती सगळी फाटकातून जाता-येता मला त्या बाकावर बसलेली बघत होती. संध्याकाळपर्यंत कळलं की पहिल्या मजल्यावरच्या द्रौपदीबाईंनी सही करून टाकली. विचारलं तर म्हणाल्या, "तुम्ही गेलात म्हटल्यावर मी कशाला मागे राहू?"

मी सेक्रेटरींकडे गेले. विद्याधर नाडकर्णी बँकेतून निवृत्त झालेले, सोसायटीचं काम मन लावून करणारे. दार उघडताच हसून म्हणाले, "या शुभाताई! काय सुंदर दिसताय हो तुम्ही!"

"तो फलक उतरवा."

"का?"

"मी सही केलेली नाही."

"मग चित्रात तुमची सही कुठे दाखवलीय? नुसत्या बसल्या आहात."

"मी बसलेय म्हणजे मला मान्य आहे असा अर्थ होतो, विद्याधर. लोकांनी तसाच घेतलाय."

"घेतला तर बरंच झालं की." ते अजून हसतच होते. "गैरसमज झाला, पण योग्य दिशेने झाला."

हे वाक्य मी घरी येऊन दहा वेळा मनात घोळवलं आणि दर वेळी जास्त संतापले. माझ्या तोंडावरून गैरसमज होतो आणि तो यांच्या सोयीचा आहे म्हणून राहू द्यायचा! मी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये नोकरी केली. दोन माणसांचं बोलणं जोडून देणं हे माझं काम होतं. त्यांच्या वतीने मधेच 'हो' म्हणायची मुभा मला कुणी दिलेली नव्हती.

आता हे चित्र केलं कुणी, हे मला विचारायची गरज नव्हती. तो फोटो माझ्याच गॅलरीत काढलेला होता. जानेवारीत मी मटार सोलत बसले होते आणि माझी नात ऋतिका समोर मोबाईल धरून म्हणाली होती, "आजी, इकडे बघ, किती छान ऊन पडलंय तुझ्यावर!" चिमटीतली शेंग पुसली, मांडीवरचं ताट पुसलं, मला उचललं आणि बाकावर ठेवलं.

ऋतिका माझ्या मुलीची मुलगी. अंधेरीला एका स्टुडिओत काम करते. इमारत बांधण्याआधी ती बांधून झाल्यावर कशी दिसेल, याची हुबेहूब चित्रं संगणकावर तयार करतात, ते त्यांचं काम. तिला ते फार चांगलं येतं. काचेत समोरचं झाड कसं उमटेल, ओल्या फरशीवर दिव्याचा उजेड कसा सांडेल, भिंतीच्या रंगावर शेजारच्या हिरवळीची किती झाक येईल, असल्या गोष्टींसाठी ती तासन् तास बसते. लहानपणी माझ्याकडे राहायला यायची तेव्हाही वाटीची सावली काढल्याशिवाय तिचं वाटीचं चित्र पुरं व्हायचं नाही. मला तिचं कौतुक होतं. अजूनही आहे. म्हणूनच जास्त झोंबलं.

रविवारी सकाळी तिला बोलावून घेतलं. आली ती पेढे घेऊनच.

"बघितलंस ना? आजी, आख्ख्या प्रोजेक्टचा मेन शॉट मला दिला सरांनी! आणि मी म्हटलं, आजीचीच सोसायटी आहे तर आजीच हवी पुढे."

"मला विचारलंस?"

"सरप्राइज होतं गं."

"आणि तो शेजारी बसलाय तो? तोही सरप्राइज?"

ती हसायला लागली आणि माझ्याकडे बघून थांबली. "तो ना... तो क्लायंटने टाकायला लावला. बिल्डरकडचे केयूरभाई म्हणाले, एकटी म्हातारी बाई लोनली वाटते, कपल टाका. तो आमच्याकडचा तयार माणूस आहे, आजी. कापून ठेवलेले असतात आमच्याकडे. चालणारे, बसलेले, कुत्रा धरलेले."

"मग मलाही त्यांतलीच एक तयार बाई आणायची होतीस."

"नाही चालत ना! आधी तशाच टाकायचो. सगळ्या गोऱ्या, उंच, गाऊन घातलेल्या. बोरिवलीच्या एका सोसायटीत लोक म्हणाले, ह्या फॉरेनर कोण, आम्ही कुठे आहोत? तेव्हापासून ऑफिसात सगळे आपापल्या घरची माणसं टाकतात. सरांच्या सासूबाई तीन टॉवरमध्ये आहेत. एकीकडे तर स्विमिंग पूलपाशी."

"त्यांना पोहता येतं?"

"नाही."

"त्यांना विचारलं?"

ती पेढ्यांच्या डब्याची दोरी सोडायला लागली.

"ऋतिका, लोक सह्या करतायत गं. मला त्या बाकावर बघून सह्या करतायत."

"आजी, तू फार मनावर घेतेस. आम्ही इमारत विकत नाही, फक्त फील देतो. सगळ्यांना माहीत असतं की चित्र आहे."

"आम्हाला घर घेताना असलं काही दाखवलं नव्हतं," मी म्हटलं, आणि तिने डोळे फिरवले, कारण हे तिने ऐकलेलं होतं. तरी मी सांगितलंच. इथे नुसता माळ होता, पलीकडे मिठागरं. आमचे आर्किटेक्ट निळ्या रेघांच्या नकाशाची सुरळी घेऊन आले. आम्हा बायकांना त्या रेघांतलं काही कळेना, तेव्हा त्यांनी गवंड्याकडून जमिनीवर चुन्याची फक्की मारून घेतली, खऱ्या मापाने. ही बाहेरची खोली, हे स्वयंपाकघर. मी माळावर माझ्या स्वयंपाकघरात जाऊन उभी राहिले. वर आकाश, चारी बाजूंनी वारा. त्यांनी मला विचारलं, "वहिनी, खिडकी कुठे हवी?" मी ऊन ज्या बाजूने तोंडावर येत होतं तिकडे बोट केलं. खिडकी तिथेच झाली. बाकी घरात शंभर खोड्या निघाल्या, पण त्या माणसाने मला विचारलं होतं, आणि मी जिथे उभी होते तिथे खरंच उभी होते.

"बरं, मग काय करू?" ऋतिका म्हणाली. "तुला काढायला फाइल उघडावी लागेल. सरांना सांगावं लागेल."

"आधी मला सांग, मी बसलेय कुठे?"

"म्हणजे?"

"हे बाक. नव्या आराखड्यात कुठल्या जागी आहे?"

तिने लॅपटॉप उघडला. चित्रातली इमारत तिच्या बोटांखाली गोल फिरायला लागली. मी चष्मा पुसून जवळ सरकले. बाक आमच्या नव्या इमारतीच्या पुढ्यात होतं, आग्नेयेच्या बाजूला. ऊन समोरून, तिरपं, थेट आमच्या तोंडावर.

"ह्याच बाजूला तो विकायचा टॉवर येणार ना? चौतीस मजली?"

"हो."

"कुठाय?"

"तो लेअर बंद आहे."

"म्हणजे?"

"म्हणजे आहे, पण दिसत नाही. टॉवर चालू ठेवला तर कॅमेऱ्याला काहीच दिसणार नाही, कारण..." ती अडखळली.

"कारण काय?"

"कारण कॅमेरा टॉवरच्या आत उभा आहे. अख्खी इमारत फ्रेममध्ये यायला तेवढं मागे जावं लागतं, आणि मागे टॉवर आहे. म्हणून तो बंद करतात. सगळेच करतात, आजी."

"आणि ऊन? ते कुठून येतंय?"

तिने ऊन येत होतं त्या दिशेला बोट नेलं. ऊन त्याच टॉवरच्या पोटातून आरपार येत होतं.

मला इतका राग आला की पाणी प्यायला उठावं लागलं. म्हणजे हे चित्र जिथून दिसतं तिथे कुणी कधी उभं राहू शकणार नाही. मी ज्या उन्हात हसतेय ते ऊन तिथे कधी पोहोचणार नाही. शेजारचा माणूस माझा नाही, साडी माझी नाही. या सगळ्यात खरी गोष्ट एकच, माझं तोंड. आणि ते एवढ्याचसाठी वापरलं की बाकीचं खरं वाटावं.

"हे सोसायटीच्या बुधवारच्या सभेत दाखव," मी म्हटलं. "टॉवर चालू करून."

"वेडी आहेस का? मी प्रेझेंटेशन चालवायला येणार आहे, कंपनीतर्फे. क्लायंटसमोर लेअर चालू करू? माझी वाट लागेल."

"आणि आमची लागतेय ती?"

"तू मला काढायला सांग, मी तुला काढते. तेवढं माझ्या हातात आहे," ती चिडून म्हणाली आणि पेढ्यांचा डबा तसाच ठेवून गेली.

मला काढणंही तिच्या हातात नव्हतं. दुसऱ्या दिवशी तिचा फोन आला. सर म्हणाले, फलक छापून झालेत, क्लायंट खूश आहे, आजीला समजाव.

सभा शेजारच्या शाळेच्या हॉलमध्ये होती. पुढे पडदा, बाजूला टेबलावर लॅपटॉप घेऊन ऋतिका. माझ्याकडे तिने पाहिलंही नाही. बिल्डरकडून केयूर शाह आला होता. तिशीपस्तिशीचा, नम्र, सगळ्यांच्या पाया पडणारा. त्याचं बोलणं गोड होतं, आणि मला वाटतं, त्याचा स्वतःचा त्यावर विश्वासही होता.

"हे बघा, मी पण मुलुंडचाच," त्याने सुरुवात केली. "तुमच्या शाळेसमोर वडापाव खाऊन मोठा झालो. आपल्या लोकांना मी चुकीचं काय देणार?"

मग दिवे घालवून चित्रफीत दाखवली. संगीत सुरू झालं. आम्ही पाखरासारखे हिरवळीवरून उडत निघालो, कारंज्याला वळसा घातला आणि बाकापाशी येऊन थांबलो. पडद्यावर माझं तोंड दाराएवढं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मागून कुणीतरी शिट्टीसुद्धा मारली. सुगंधा माझ्या कानात म्हणाली, "तुझो घो काय हसता बघ!" मी तिला कोपराने ढोसलं.

"आता तुम्हीच सांगा," दिवे लागल्यावर केयूर म्हणाला, "कोणाला शंका आहे? शुभा आजी तर ऑलरेडी तिथे जाऊन बसल्यात! सर्वांत सीनियर मेंबर. त्यांचा आशीर्वाद आहेच. आणि हे चित्र बनवलं कोणी? आजींच्या नातीने. ही बघा, बसलीय. घरची मुलगी घरच्या लोकांना खोटं थोडीच दाखवणार?"

सगळे ऋतिकाकडे वळले. तिचे कान लाल झालेले मला शेवटच्या रांगेतूनही दिसले असते, आणि मी तर दुसऱ्या रांगेत होते.

मी उभी राहिले. "माझा आशीर्वाद नाही," मी म्हटलं. "मला कुणी विचारलेलं नाही. माझा फोटो माझ्या गॅलरीतून उचलून तिथे चिकटवलाय."

हॉलमध्ये कुजबुज सुरू झाली. विद्याधर लगेच उठले. "शुभाताई, तो विषय आपण नंतर..."

"नंतर नाही. ऋतिका, कॅमेरा कुठे उभा आहे ते यांना सांग."

"आजी, ते टेक्निकल आहे," केयूर हसून म्हणाला. "उगाच कन्फ्यूजन होईल."

"तुम्ही तिचं नाव घेतलंत, केयूरभाई. घरची मुलगी खोटं दाखवणार नाही असं तुम्हीच म्हणालात. मग मी घरच्या मुलीलाच विचारतेय. ती नाही म्हणाली तर मी खाली बसेन."

ऋतिका लॅपटॉपकडे बघत होती. मला वाटलं, ती उठून जाईल. गेली असती तर मी तिला दोष दिला नसता, हे मी आज सांगू शकते. तेव्हा दिला असता.

"भिंतीत," ती म्हणाली.

"काय?"

"कॅमेरा टॉवरच्या भिंतीत उभा आहे." आणि तिने एक कळ दाबली.

पडदा करडा झाला. नुसता करडा, वरपासून खालपर्यंत.

"लाइट गेले काय?" मागून कुणीतरी विचारलं.

"नाही," ऋतिका म्हणाली. तिचा आवाज आता ऑफिसातल्यासारखा, सपाट झाला होता. "हा विक्रीचा टॉवर. आत्तापर्यंत बंद होता. आपण त्याच्या आत आहोत. थांबा, बाजूला येते."

चित्र सरकलं, वळलं, उंच गेलं. आता दोन्ही इमारती दिसल्या. चौतीस मजल्यांच्या पायथ्याशी आमची इमारत लपल्यासारखी उभी होती. मधल्या पट्ट्यात हिरवळ, कारंजं, बाक, सगळं होतं, पण विहिरीच्या तळाशी असावं तसं. आणि त्या काळपट निळ्या सावलीत नारिंगी साडी नेसून मी अजूनही हसत होते.

"हे सकाळी नऊला," ऋतिका म्हणाली. "हे दहाला. अकराला." ती ऊन पुढे सरकवत गेली. टॉवरच्या कडेने उन्हाची एक चिंचोळी पट्टी आली, कारंज्यावरून गेली, भिंतीवर चढली आणि संपली. "हे मार्चमधलं आहे. डिसेंबरमध्ये तेवढंही नाही."

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. लोक खुर्च्या सोडून पडद्याजवळ गेले आणि आपापल्या खिडक्या शोधायला लागले. "आमचं स्वयंपाकघर हे का गं?" "हो काका, तिसरा मजला." "इथे दिवसा दिवा लागेल." सुगंधाने मोठ्याने विचारलं, "माझो मसालो खंय सुकवतलंय मी? त्या टॉवरच्या गच्चीर जावचा?"

केयूरने ऋतिकाकडे जाऊन हळू आवाजात काहीतरी म्हटलं. तिने मान हलवली नाही. टेबलावरचा तिचा फोन थरथरायला लागला. त्यावर 'सर' असं आलेलं मला चष्म्यातून दिसलं. तिने तो उचलला नाही.

"सावली तर पडणारच ना!" विद्याधर एकदम ओरडले. त्यांना इतकं चिडलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. "टॉवर आहे तर सावली आहे! सगळ्या मुंबईत आहे! माझी मालन गेल्या पावसाळ्यापासून खाली उतरलेली नाही. जिना उतरता येत नाही तिला. तुम्हाला ऊन हवंय, शुभाताई. मला लिफ्ट हवीय."

हे खरं होतं. मालनवहिनी तिसऱ्या मजल्यावरच्या खिडकीत बसून असतात, मी रोज बघते.

"लिफ्ट मलाही हवी," मी म्हटलं. "माझेही गुडघे कुरकुरतात."

"मग अडवता कशाला?"

"मी अडवत नाही. लिफ्टने खाली उतरून मालनवहिनी बसणार कुठे, एवढंच विचारतेय. तुम्ही त्यांना हे चित्र दाखवलंत ना? ह्या बाकावरचं?"

ते पडद्यावरच्या बाकाकडे बघायला लागले. दाखवलं असणार.

केयूरने हात जोडले. "आजी, तुम्हाला वाईट वाटलं, माझी चूक. सॉरी. तुमचा फोटो उद्या सकाळी काढून टाकतो. बॅनर नवीन छापतो. विषय संपला?"

"नाही. आता मला काढायचं नाही."

"पण तुमचीच तक्रार होती ना, ताई!" विद्याधर कपाळाला हात लावून म्हणाले.

"तक्रार होती की मला न विचारता उन्हात बसवलं. आता माझी हरकत नाही. शेजारच्या गृहस्थाला घरी पाठवा, साडीचा रंग सुधारा, आणि मला तिथेच राहू द्या. पण हे चित्र लावा, टॉवर चालू असलेलं. सकाळी अकराचं. फाटकावर, एवढंच मोठं."

"असं कोण लावतं, आजी?" केयूर म्हणाला. पहिल्यांदा त्याच्या आवाजातला गोडवा गेला होता. "असं लावलं तर प्रोजेक्ट उभा राहणार कसा?"

"ते तुम्ही बघा. मला इतकंच कळतं की माझ्या तोंडावर विश्वास ठेवून लोक सह्या करत असतील, तर माझ्या तोंडावर जेवढा उजेड पडणार आहे तेवढाच दाखवायचा."

विद्याधर खुर्चीत बसले. मग दमलेल्या आवाजात म्हणाले, "शुभाताई, तुम्हाला नक्की हवंय तरी काय?"

"मला विचारा."

"काय विचारू?"

"फलक लावण्याआधी जे विचारायला हवं होतं, ते."

त्यांनी इकडेतिकडे पाहिलं. कुणी मदतीला येईना. पडदाभर ती सावली पसरलेली होती आणि तिच्यासमोर उभं राहून, घसा खाकरून, सेक्रेटरींना शोभेल अशा स्वरात त्यांनी विचारलं, "श्रीमती शुभा गुप्ते, या आराखड्याला तुमची संमती आहे का?"

"नाही," मी म्हटलं. "या आराखड्याला नाही. टॉवर सरकवा, नाहीतर आमची इमारत पुढे आणा. टॉवर न लपवता पुन्हा दाखवा आणि मग पुन्हा विचारा. मी हो म्हणायला तयार बसलेय."

मी खाली बसले.

मग पहिल्या मजल्यावरच्या द्रौपदीबाई उभ्या राहिल्या. फारशा बोलत नाहीत त्या. "मलाही विचारा," त्या म्हणाल्या.

"तुमची सही झालीय ना, द्रौपदीबाई?"

"झालीय. शुभाताईंना तिथे उन्हात बघून केली. म्हणून म्हणते, आता विचारा."

"माका पन," सुगंधा म्हणाली आणि पदर खोचून उभी राहिली. तिच्यामागे तिसऱ्या मजल्यावरचे काका उभे राहिले. मग आणखी दोघं.

केयूर पडद्यापाशी उभा राहून फोनवर गुजरातीत कुणाशी तरी भराभर बोलत होता. ऋतिकाने लॅपटॉप बंद केला नव्हता. तिने मान वर करून माझ्याकडे एकदा पाहिलं. त्या नजरेत माफी नव्हती आणि मी मागितलीही नव्हती. ती माझ्यावर अजून चिडलेली होती. पण तिने चित्र पडद्यावर तसंच ठेवलं, सकाळी अकराला.

विद्याधरांनी चष्मा काढून पुसला, परत लावला, आणि द्रौपदीबाईंकडे वळले. "तुमची संमती आहे का?" त्यांनी विचारलं, आणि त्या काय म्हणतात ते ऐकायला थांबले.